एक मशीन थांबवायचं तर अख्खी गिरणी थांबवायची का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही लिहिलंय की पणजोबा १९२० च्या सुमाराला मुंबईच्या कापड गिरणीत लागले, तिथे त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली, आणि आजोबा सांगायचे की एक मशीन बंद करायचं तर अख्ख्या गिरणीचं इंजिन बंद करावं लागायचं, म्हणून कुणी थांबवलंच नाही. घरातले बाकीचे म्हणतात की त्यांचंच लक्ष नव्हतं. तुम्हाला विचारायचंय की एका इंजिनावर एवढी मशिनं चालायची कशी, आणि आजोबांचं खरं की बाकीच्यांचं.

मी स्वतः सूतगिरणीच्या मेंटेनन्समध्ये तीसेक वर्षं काढली, आणि त्याआधी कोल्हापूरकडच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये शिकाऊ होतो. तिथे तेव्हाही वर छताला एकच लांब शाफ्ट, म्हणजे फिरता दांडा, होता आणि त्याच्यावरून पट्टे खाली येऊन लेथ, शेपर, ड्रिल चालायचे. त्यामुळे ही सिस्टिम मी नुसती वाचलेली नाही, या हातांनी पट्टे चढवलेत. तुमच्या पणजोबांच्या वेळची गिरणी अर्थातच पाहिलेली नाही, पण मशीनची तत्त्वं तीच.

आजोबांचं म्हणणं जसंच्या तसं घेतलं तर बरोबर नाही, एक मशीन थांबवायला इंजिन थांबवावं लागत नसे. पण ते ज्या गोष्टीबद्दल सांगत होते ती खरी आहे. मला विचाराल तर तुमचा खरा प्रश्न इंजिनाचा नाहीच. मशीन थांबवायची सोय कुठे होती, ती वापरली की मशीन खरंच थांबायचं का, आणि ती वापरायची मुभा कुणाला होती, असा तो प्रश्न आहे. तिन्हीची उत्तरं वेगवेगळी आहेत, आणि खात्यानुसार बदलतात.

आधी ताकद कशी वाटली जायची ते बघू, त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आज प्रत्येक मशीनला आपली मोटर असते, बटण दाबलं की तेवढंच चालू. तेव्हा अख्ख्या गिरणीला एक मोठं वाफेचं इंजिन असायचं. मुंबईत कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली, १८५६ मध्ये ताडदेवला ती गिरणी सुरू झाली, आणि तिथपासून पुढची साठेक वर्षं मुंबईच्या गिरण्या वाफेवरच चालल्या. इंजिनाला एक प्रचंड फ्लायव्हील, म्हणजे जड चाक, त्याच्या कडेला खाचा, आणि त्या खाचांतून मनगटाएवढे जाड सुती दोर प्रत्येक मजल्यावर जायचे. त्याआधी इंग्लंडात दोर नव्हते, तळापासून गच्चीपर्यंत एक उभा शाफ्ट असायचा आणि प्रत्येक मजल्यावर दातेरी चाकांनी त्याची गती आडवी वळवायचे. त्यात एक दात तुटला की सगळं बंद. दोरांचा फायदा असा की चाळीस दोरांतला एक तुटला तरी बाकीचे काम ओढून नेतात.

मजल्यावर आलेली गती छताखालच्या आडव्या शाफ्टला मिळायची. हा लाइन शाफ्ट म्हणजे खात्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेला लोखंडी दांडा, ठरावीक अंतरावर बेअरिंगवर टांगलेला, आणि त्याच्यावर ओळीने पुल्या. प्रत्येक पुलीवरून एक चामड्याचा पट्टा खाली मशीनवर. स्पीड कमीजास्त करायचं तर पुलीची साइज बदलायची, दुसरं काही नाही. समजा शाफ्ट मिनिटाला १५० फेरे फिरतोय, त्याच्यावरची पुली १६ इंची आणि मागाची १२ इंची, तर मागाला २०० फेरे मिळाले, म्हणजे धोटा, आडवा धागा घेऊन जाणारा, मिनिटाला २०० वेळा इकडून तिकडे. लँकेशायर पद्धतीच्या मागाचं स्पीड साधारण एवढंच असायचं.

इथे एक गोष्ट सांगतो कारण ती मला फार आवडते आणि विद्यार्थ्यांना मी कायम सांगायचो. सुरुवातीच्या इंग्लिश गिरण्यांत हे शाफ्ट हळू फिरायचे, मिनिटाला चाळीस वगैरे फेरे, आणि त्यामुळे ते अगडबंब जाड असायचे. मग १८१७ नंतर मँचेस्टरला विल्यम फेअरबेर्न नावाच्या इंजिनिअरने शाफ्ट बारीक केले आणि जोरात फिरवले. गणित साधं आहे, ताकद म्हणजे पीळ गुणिले फेरे, फेरे चौपट केले की तीच ताकद न्यायला पीळ पावच लागतो आणि दांड्याची जाडी साधारण दोन तृतीयांशाच्याही खाली येते, वजन तर निम्म्याहून कमी. हलका शाफ्ट, कमी घर्षण, जास्त मशिनं. गिरणी मालकाच्या दृष्टीने हा मोठाच फायदा. पण खाली उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यावर आता तोच दांडा चारपट वेगाने फिरायला लागला, आणि त्याच्यात कपडा अडकला तर सोडवायला मिळणारा वेळ चारपट कमी झाला. दोन्ही गोष्टी एकाच बदलातून आल्या.

आता तुमचा मुद्दा, एक मशीन कसं थांबवायचं. मशीनच्या टोकाला शेजारी शेजारी दोन पुल्या असायच्या. एक मशीनच्या शाफ्टला पक्की बसवलेली, तिला फास्ट पुली म्हणतात, आणि दुसरी त्याच शाफ्टवर मोकळी फिरणारी, ती लूज पुली. वरचा पट्टा चालूच. एका हँडलला जोडलेला काटा त्या पट्ट्याला ढकलून फास्टवरून लूजवर नेतो, की पट्टा फिरत राहतो, लूज पुली फिरत राहते, पण मशीन थांबतं. परत ढकललं की चालू. म्हणजे इंजिनाला हात लावायची गरजच नाही, आणि एकेक माग, सूत कातायची एकेक फ्रेम दिवसातून कितीतरी वेळा अशी बंद-चालू व्हायची. दोन-चार माग थांबले की इंजिनावरचा भार कमी व्हायचा, गव्हर्नर, म्हणजे इंजिनाचा वेग सांभाळणारी यंत्रणा, आपोआप वाफ कमी करायचा, इंजिनवाल्याला पत्ताही लागायचा नाही.

मग आजोबा चुकले का? मला नाही वाटत. हँडल होतं एवढ्याने भागत नाही, आणि इथून पुढचं मी थोडं जास्त लिहिणार आहे कारण बाहेरच्या माणसाला हे सहसा कुणी सांगत नाही.

पहिलं म्हणजे थांबवलेलं मशीन थांबलेलं नसायचं. कार्डिंग मशीन घ्या, कापूस विंचरायचं. त्याचा मुख्य सिलिंडर ५० इंच व्यासाचा, बिडाचा, अंगभर बारीक तारेचे दात, आणि मिनिटाला १६०-१७० फेरे. पट्टा लूजवर घेतला तरी एवढं वजन लगेच कसं थांबणार, ते स्वतःच्या जोरावर कितीतरी मिनिटं फिरत राहतं. आवाज कमी होतो, खात्यातल्या बाकीच्या गोंगाटात तो ऐकूही येत नाही, दात इतके बारीक की फिरणारा सिलिंडर नुसता चकचकीत स्थिर पत्र्यासारखा दिसतो. नवीन माणूस हात घालतो. ब्लोरूममधल्या, म्हणजे कापूस पिंजून साफ करायच्या खात्यातल्या, बीटरचं तसंच, ते तर मिनिटाला हजाराच्या आसपास फिरतात, कापूस अडकला की हाताने काढायचा मोह होतो. आमच्याकडे नंतर असं इंटरलॉक आलं की सिलिंडर पूर्ण थांबल्याशिवाय झाकणच उघडत नाही. हे झाकण कुणाच्या तरी हातांच्या बदल्यात आलंय हे मी प्रत्येक नवीन पोराला सांगत आलोय.

दुसरं, लूज पुलीवरचा पट्टा परत सरकायचा. हे फार महत्त्वाचं आहे. पट्ट्याला एक खोड असते, पुलीचा जो भाग व्यासाने मोठा असेल तिकडे तो चढत जातो, म्हणूनच पुलीला मध्ये थोडा फुगवटा देतात म्हणजे पट्टा मध्यावर राहतो. पण काटा झिजला असेल, हँडलची खिट्टी सैल असेल, शाफ्ट थोडा तिरका झाला असेल तर मोकळ्या पुलीवरचा पट्टा हळूहळू पक्क्या पुलीकडे सरकतो, आणि तुम्ही मशीन बंद करून आत हात घातलेला असताना ते आपोआप चालू होतं. हे मी स्वतः पाहिलंय. मी शिकाऊ असताना आमच्या वर्कशॉपमध्ये एक माणूस बंद शेपरच्या गिअरमध्ये ग्रीस भरत होता, पट्टा सरकला, शेपर चालू झाला, त्याचं एक बोट गेलं. मालक सगळ्यांसमोर म्हणाले की याचं लक्ष कुठे होतं. खिट्टी महिनाभर सैल होती, आम्ही दोघातिघांनी सांगितलेलं होतं. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो आणि गप्प बसलो, त्याचं मला आजही वाईट वाटतं. म्हणून तुमच्या घरातलं ते वाक्य वाचल्यावर मी लगेच लिहायला बसलो.

तिसरं, हँडल कुठे असायचं. बऱ्याच जुन्या रिंग फ्रेमला, म्हणजे सूत कातायच्या मशीनला, ते एका टोकाला. एका बाजूला २०० चात्या, म्हणजे सूत गुंडाळणारे फिरते दांडे, आणि दोन चात्यांमध्ये अडीच इंच धरले तरी फ्रेमची लांबी ४० फुटांच्या वर जाते. माणूस मधे किंवा दुसऱ्या टोकाला गिअरपाशी असला आणि काही अडकलं तर हँडलपर्यंत पोचायचं कसं? दुसऱ्याने पळत जाऊन बंद करायचं, आणि ओरडलेलं ऐकू यायला हवं. विणाई खात्यात तर शेजारचा काय बोलतो तेही ऐकू यायचं नाही, लँकेशायरच्या विणकर बायका ओठांच्या हालचालीवरून एकमेकींशी बोलायच्या, ती त्यांची रोजची भाषाच झाली होती.

आणि वरचा शाफ्ट? त्याला तर खात्यातून थांबवायची सोयच नव्हती. शाफ्टला किंवा मुख्य पट्ट्याला कुणी अडकलं तर निरोप इंजिन रूमपर्यंत जायचा, इंजिनवाला वाफ बंद करायचा, आणि तरीही कित्येक टनांचं फ्लायव्हील फिरतच राहायचं. आजोबांनी ऐकलेली गोष्ट बहुधा इथली आहे. "अख्खी गिरणी बंद करावी लागायची" हे शाफ्टच्या बाबतीत अक्षरशः खरं आहे.

निसटलेला पट्टा परत चढवणं हे काम तर विचारू नका. नियमाने शाफ्ट थांबवून चढवायचा. प्रत्यक्षात एका पट्ट्यासाठी शंभर मशिनं कोण थांबवणार, म्हणून शिडीवर चढून फिरत्या पुलीवर हाताने किंवा काठीने चढवायचे. पट्ट्याचे दोन टोक चामड्याच्या वादीने किंवा लोखंडी चिमट्यांनी जोडलेले असतात, तो जोड दर फेऱ्याला येतो आणि सदऱ्याची बाही, धोतराचा सोगा, काहीही धरतो. आम्हाला आमच्या उस्तादांनी पहिल्या दिवशी बाह्या कापायला लावल्या होत्या, दुमडायला नाही, कापायला.

हे सगळं लोकांना कळत नव्हतं असं नाही. इंग्लंडात १८४४ च्या कायद्याने मशिनला आणि शाफ्टला कुंपण सक्तीचं केलं, बायका-मुलांनी फिरता शाफ्ट-गिअर साफ करायला बंदी केली. पण डोक्यावरच्या, सात फुटांहून उंच शाफ्टला कुंपण हवं की नको यावर गिरणी मालक अडून बसले, १८५५ मध्ये त्यांनी संघटना काढली आणि पुढच्याच वर्षी तो नियम पातळ करून घेतला. युक्तिवाद असा की तिथे कुणाचा हात पोचतो? पट्टा चढवायला शिडी लावणाऱ्याचा पोचतो. आपल्याकडे १८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा आला, त्यातही धोक्याच्या मशीनला कुंपण घालायची तरतूद होती, पण १०० किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्यांनाच तो लागू होता, आणि ७ वर्षांच्या पोरालाही रोज ९ तास कामावर ठेवायला त्याची हरकत नव्हती. तुमच्या पणजोबांच्या वेळेपर्यंत कायदे जरा सुधारले होते. १९११ च्या कायद्याने कापड गिरणीत पुरुषांचे तास १२ वर आणले, १९२२ मध्ये आठवड्याला ६० तास झाले. ते १९२२ च्या आधी लागले असतील तर १२ तासांचा दिवस धरा. बारा तास डोळ्यात तेल घालून फिरत्या मशीनकडे बघणं माणसाला जमतं का, हे ज्यांनी आठ तासांची पाळी केलीय त्यांना विचारा.

आता सगळ्यात अवघड भाग, थांबवायची मुभा. विणाईवाल्याला कापडाच्या वारावर किंवा वजनावर पगार, माग थांबला की त्याचीच कमाई थांबली, म्हणजे हँडल हाताशी असूनही ते ओढणं त्याच्याच पोटावर पाय देण्यासारखं. सूतखात्यात, म्हणजे जुन्या लोकांच्या भाषेत त्रासन खात्यात, पगार बहुधा महिन्याचा, पण तिथे डोक्यावर जॉबर. कामावर घेणार तो, काढणार तो, सकाळी गेटवर बदली कामगार उभेच. साफसफाईसाठी फ्रेम बंद ठेवली तर सूत कमी निघणार, आणि त्याचा जाब द्यावा लागणार. म्हणून फ्रेम चालू ठेवूनच कापसाचा भुगा, ज्याला आम्ही फ्लाय म्हणतो, तो हाताने किंवा फडक्याने काढायचे. बोटं जायचा हा एक अगदी ठरलेला रस्ता, फडकं गिअरमध्ये जातं आणि हात फडक्याच्या मागोमाग.

गिरणीत वेळसुद्धा मशीनच्या मालकीचा होता. इंग्लंडात मॅक्लेसफील्डच्या एका रेशीम गिरणीत १८१० च्या सुमाराचं एक घड्याळ होतं, त्याला दोन तबकड्या. एक खरी वेळ दाखवणारी, दुसरी गिरणीच्या चाकाला जोडलेली. चाक हळू फिरलं तर दुसरी तबकडी मागे पडायची आणि तेवढा वेळ कामगारांनी जास्त थांबून भरून द्यायचा. नदीला पाणी कमी, भरपाई माणसाने करायची. मुंबईत तशी घड्याळं होती असं मी म्हणत नाही, पण विचार तोच होता. विजेचे दिवे येईपर्यंत इथे उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम, आणि दुपारची धड सुट्टी नाही. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार केला, त्यातल्या मागण्या बघा, रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम, पगार वेळेवर, आणि कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार. अर्धा तास जेवणासाठी माणसांना अर्ज करावा लागला कारण इंजिन जेवत नाही. रविवारची सुट्टी मिळायला १८९० उजाडलं. जखमी माणसाच्या भरपाईचा कायदा तर १९२३ चा, लागू १९२४ पासून. तुमच्या पणजोबांची बोटं त्याच्या आधी गेली की नंतर, यावर बरंच अवलंबून आहे. आधी गेली असतील तर मालकाची दया येईल तेवढंच. नंतरची असतील तर भरपाईचा काहीतरी कागद झालेला असू शकतो, जुन्या ट्रंकेत शोधा.

तुम्ही सहज विचारलंय की १९२० मध्ये वीज आली नव्हती का. आली होती. टाटांचं खोपोलीचं वीजघर १९१५ मध्ये सुरू झालं आणि त्याची मोठी गिऱ्हाइकं मुंबईच्या गिरण्याच होत्या. पण वीज आली म्हणजे शाफ्ट गेले असं नाही. सुरुवातीला बहुतेक ठिकाणी इंजिनाच्या जागी मोठी मोटर बसली, फार तर खात्याला एक मोटर, आणि पुढे तेच शाफ्ट तेच पट्टे. मशीनपाशी उभ्या माणसाला धूर कमी झाला एवढाच फरक. प्रत्येक मशीनला स्वतंत्र मोटर आणि हाताशी लाल बटण हे खूप नंतर, टप्प्याटप्प्याने आलं.

आता खात्याबद्दल, कारण तुम्हाला उत्तर तिथेच मिळेल. पणजोबा विणाईत असतील तर बोटं गिअरमध्ये, धोट्याच्या मारात किंवा धोटा मारणाऱ्या दांडीत जाऊ शकतात. धोटा लाकडी, टोकाला पोलादी अणी, तो मागातून उडाला तर शेजारच्याचा डोळा जायचा. धोट्यातली धाग्याची कांडी संपली की नवीन कांडी घालून धोट्याच्या भोकातून धागा तोंडाने ओढून घ्यायची पद्धत होती. या एवढ्याशा गोष्टीमुळे मुंबईत दलित कामगारांना विणाई खात्यात येऊ देत नव्हते, उष्ट्या धाग्याचं कारण सांगून, आणि विणाईत पगार जास्त होता. १९२८ च्या मोठ्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा मुद्दा लावून धरला आणि संपाच्या मागण्यांत तो घ्यायला लावला. धोट्याचं भोक वेगळ्या आकाराचं केलं की धागा हाताने ओवता येतो, म्हणजे मशीनमध्ये तोडगा होता, तो वापरायची इच्छा नव्हती. तोच संप आणखी एका कारणाने झाला, दोन मागांवरच्या माणसाला तीन माग आणि फ्रेमच्या एका बाजूवाल्याला दोन बाजू. आता सांगा, दोन्ही बाजू एकट्याने सांभाळणारा माणूस चाळीस फुटांच्या फ्रेमला वळसा घालून जाईपर्यंत दुसऱ्या बाजूला काय चाललंय ते बघणार कोण?

थोडक्यात सांगायचं तर, एक मशीन थांबवायला इंजिन बंद करावं लागत नव्हतं, पट्टा लूज पुलीवर घेतला की काम व्हायचं. पण शाफ्टला अडकलेल्यासाठी आजोबांचं म्हणणं खरं. आणि पट्टा सरकणं, वजनदार सिलिंडर फिरत राहणं, लांबवरचं हँडल, चालू मशीनची साफसफाई आणि जॉबरचा धाक, यातलं काहीही एक पुरेसं आहे दोन बोटं जायला, माणसाचं लक्ष कितीही असलं तरी. लक्ष नव्हतं असं कधीच होत नाही असं मी म्हणणार नाही, माणूस दमतो, झोप येते. पण माझ्या तीस वर्षांत मी जेवढे अपघात तपासले त्यात "लक्ष नव्हतं" हे कारण कागदावर सगळ्यात आधी लिहिलं जायचं, आणि मशीन उघडून बघितलं की झिजलेला काटा नाहीतर काढून ठेवलेलं गार्ड सापडायचं.

तुमच्या आजी अजून आहेत असं तुम्ही लिहिलंय. त्यांना बसून तीन गोष्टी विचारा. पणजोबा कुठल्या खात्यात होते, त्यांना खात्याचं नाव नसेल आठवत तर घरी आल्यावर अंगावर काय असायचं ते विचारा, केसांत पांढरा कापूस असेल तर ब्लोरूम, कार्डिंग किंवा त्रासन, आणि ऐकायला कमी येत असेल, मोठ्याने बोलायची सवय असेल तर बहुधा विणाई. दुसरं, कुठली दोन बोटं, आणि टोकं गेली की मुळापासून, कारण गिअरमध्ये चिरडलेली आणि कार्डच्या तारेत ओरबाडून गेलेली जखम वेगळी दिसते. तिसरं, मशीन चालू असताना झालं की बंद करून साफ करताना. बंद करून साफ करताना झालं असं आजी म्हणाल्या तर सरकलेल्या पट्ट्याचा किंवा न थांबलेल्या सिलिंडरचा संशय मी सगळ्यात आधी घेईन. ही माहिती मिळाली की मला कळवा, त्या मशीनचं चित्र काढून, हात कुठे गेला असेल आणि हँडल किती लांब होतं ते मी तुम्हाला दाखवतो.